जुन्या इंग्रजी ग्रंथांतील आपले पनवेल



आपल्या गावचा इतिहास शोधावा म्हणून एखादा मुलगा ग्रंथालयात जातो, जुन्या इंग्रजी ग्रंथाची सूची उघडतो, आजच्या स्पेलिंगने पनवेल शोधतो आणि "काहीच नाही" म्हणून परत येतो. वास्तविक गाव तेथेच असते. फक्त 'व्ही'च्या जागी 'डब्ल्यू' आणि शेवटी दोन 'एल', असा त्याचा त्या काळचा पोशाख असतो. नोव्हेंबर १७७८ मध्ये इंग्रजी फौज पनवेलला येऊन बोरघाटाकडे निघाली व जानेवारी १७७९ मध्ये वडगावला तिला तह करावा लागला. त्या मोहिमेची जुनी वर्णने वाचायची तर हा पोशाख ओळखता आलाच पाहिजे.

साहेब मंडळी कानाला ऐकू येईल तसे लिहीत. त्यामुळे ठाण्याला दोन 'एन' लागले, कल्याण 'सी'ने सुरू झाले, पुण्यामागे एक 'एच' आला, आणि मुनशीजींच्या नावात दोन 'ओ' शिरले. याला अडाणीपणा म्हणू नका. त्यांची स्वतःची भाषा तरी कुठे स्थिरावली होती? डॉ. जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशात म्युझिक व पब्लिक या शब्दांच्या शेवटी 'के' आहे. सर विल्यम जोन्स यांनी १७८४ मध्ये कलकत्त्यात काढलेली एशियाटिक सोसायटी आपल्या नावातही हा 'के' लिहीत असे. तो १८२५ मध्ये गळाला. गंमत अशी की, पूर्वेकडील शब्द रोमन लिपीत शिस्तीने कसे लिहावेत यावर जोन्स यांनी १७८८ मध्ये जो निबंध छापला, त्याच्या मथळ्यातही तो 'के' आहेच!

१८०० पूर्वीच्या छापील पुस्तकांत आणखी एक चकवा असतो. शब्दाच्या आरंभी व मध्ये येणारा 'एस' तेव्हा लांबट छापीत, आणि तो थेट 'एफ'सारखा दिसतो. वसईचे 'बॅसीन' मग 'बॅफीन' वाटते, साष्टीचे 'साल्सेट' 'साल्फेट' होते. 'मुसलमान' या शब्दातही तेव्हा दोन 'एस' असत. ते दोन्ही 'एफ' वाटल्याने नवखा वाचक आपलाच उल्लेख ओलांडून पुढे जातो. 'मोहमेडन' शब्दाचीही अनेक रूपे आढळतील. वकिलीचा अभ्यास करणाऱ्यांना त्यांपैकी एक दिनशा मुल्ला यांच्या प्रसिद्ध ग्रंथाच्या नावातच भेटते.

पुढे १८७० नंतर हंटर यांनी जोन्स यांची पद्धत सोपी केली व सरकारने ती स्वीकारली. म्हणून १८८२ च्या गॅझेटिअरमध्ये पनवेल आजच्यासारखेच लिहिलेले सापडते. मात्र त्यासाठी कुलाब्याचा खंड न घेता ठाणे जिल्ह्याचा घ्यावा. पनवेल त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते.