मोटर-संरक्षणाचा इतिहास : वितळतारेपासून असंतुलनाच्या गणितापर्यंत

विद्युतशक्तीच्या इतिहासात निर्मिती आणि पारेषण यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे संरक्षणसाधनांना मिळालेले नाही. दोलिवो-दोब्रोव्होल्स्की याने १८८९ मध्ये त्रिकला इंडक्शन मोटर सिद्ध केली. १९१५ मध्ये खोपोलीची जलविद्युत मुंबईस पोहोचली आणि गिरण्यांतील वाफेच्या यंत्रांची जागा मोटरी घेऊ लागल्या. या यंत्राच्या रक्षणाचा प्रश्न मात्र वरकरणी दिसतो तितका सोपा नव्हता.

१८८० च्या दशकात एडिसनच्या प्रकाशयोजनेत रुळलेली वितळतार, म्हणजेच फ्यूज, दिव्यांसाठी पुरेशी होती. मोटर मात्र सुरू होताना पूर्णभाराच्या सुमारे ५ ते ७ पट प्रवाह घेते. तो सोसणारी तार दीडपट अतिभार निमूटपणे वाहू देते. बारीक तार घातली तर मोटर सुरूच होत नाही. द्विधातु पट्टीच्या औष्णिक रिलेने ही अडचण बव्हंशी दूर केली. प्रवाहाने तापून वाकणारी ही पट्टी मोटरच्या तापण्याची जणू प्रतिकृतीच होय.

तथापि फ्यूजनेच एक नवे संकट निर्माण केले. तीनपैकी एकच फ्यूज वितळला, तर चालती मोटर थांबत नाही; उरलेल्या दोन तारांतील प्रवाह सुमारे १.७३ पट होतो. भार निम्म्याहून थोडाच अधिक असेल, तर हा वाढलेला प्रवाहही निर्धारित मर्यादेतच राहतो आणि साधा रिले स्तब्ध राहतो. डेल्टा जोडणीत मात्र एका गुंडाळीस इतर दोहोंच्या दुप्पट, म्हणजे तिच्या मर्यादेहून सुमारे १५ टक्के अधिक प्रवाह सोसावा लागतो. अशी मोटर जळाली की दोष बहुधा कामगाराच्या माथी येई, असे मानण्यास जागा आहे.

या कोड्याची उकल वेस्टिंगहाऊस कंपनीतील चार्ल्स फोर्टेस्क्यू याच्या गणितात सापडते. असंतुलित पुरवठ्यावरील इंडक्शन मोटरचा अभ्यास त्याने १९१३ मध्ये आरंभिला आणि १९१८ मध्ये आपला सिद्धांत मांडला. त्यानुसार कोणत्याही असंतुलित त्रिकला प्रवाहाचे तीन संतुलित घटकांत विभाजन होते. त्यांतील ऋण-क्रम घटक उलट फिरणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. परिणामी ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर रोटरमध्ये जवळजवळ १०० हर्ट्झचे प्रवाह वाहतात आणि तो आतून तापतो. बाहेरच्या अ‍ॅमीटरवर या तापण्याचा पुरेसा बोध होत नाही.

पुढे हा घटक स्वतंत्रपणे ओळखणारे रिले आले; अंकीय रिलेंनी त्यास तापमानाच्या गणिती प्रतिमानाची जोड दिली. लहान कारखान्यांत मात्र वितळलेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार बांधण्याची आणि वारंवार सुटणाऱ्या रिलेचा आकडा वाढवून ठेवण्याची प्रथा दीर्घकाळ टिकून राहिली.