'क्वीन' आणि जनानखाना

पत्त्यातली क्वीन आणि आपला जनानखाना, या दोन शब्दांचं मूळ एकच आहे असं सांगितलं तर कोणाला पटेल?

'जनाना' आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत 'झन' म्हणजे बाई. ऋग्वेदातली 'जनि' (स्त्री, पत्नी), ग्रीक 'ग्युने' (गायनॅकॉलॉजिस्ट त्यातूनच आले), रशियन 'झेना', स्वीडिश 'क्विन्ना' ही सगळी त्याच घराण्यातली. 'जननी' मात्र यात नाही हं! तिचा धातू जन्म देण्याचा, आणि तो बहुतेक भाषाशास्त्रज्ञ वेगळा मानतात.

मग 'ग'चा 'क' कसा झाला? याकोब ग्रिमने 1822 मध्ये नियमच मांडला: मूळचा 'ग' जर्मॅनिक भाषांत 'क' होतो. म्हणून आपली 'गो', त्यांची 'काऊ'. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांच्या भाषेत, फाइंड अँड रिप्लेस.

खरी कथा पुढेच आहे. जुन्या इंग्रजीत 'क्वेन' म्हणजे बाई, बायको आणि राणीसुद्धा. हळूहळू तो शब्द सिंहासनावर जाऊन बसला. त्याची जुळी बहीण 'क्वेने', म्हणजे साधी बाई, घसरत घसरत शिवी झाली. राजाची ती राणी, बाकीच्या निर्लज्ज! स्कॉटलंडच्या ईशान्य भागात मात्र 'क्वाइन' अजूनही साधी मुलगीच आहे.

आणि आपण 'झन'ला भिंतीआड बसवलं. 2022 मध्ये महसा अमिनीच्या मृत्यूनंतर इराणच्या रस्त्यांवर बायका ओरडत होत्या, 'झन, झेंदगी, आझादी'. त्यातला पहिला शब्द आपल्या जनानखान्यातलाच.