हॉपचं फूल, मोहाचं फूल : दफ्तरातला ‘बेकायदा’ कसा वाचायचा?

घरी बिअर बनवणाऱ्यांना हॉपच्या फळगंधी जातींचं भारी कौतुक. हॉप म्हणजे एका वेलीची मादी फुलं. अमेरिकेत १९७२ मध्ये आलेल्या ‘कॅस्केड’ जातीला ग्रेपफ्रूटसारखा, म्हणजे आपल्या पपनसाच्या जवळचा वास येतो. फार उकळलं तर कडवटपणा उतरतो, पण सुगंधी तेलं उडून जातात. म्हणून वासासाठीचा हॉप शेवटी टाकतात.

डहाणू-तलासरीत हॉप नाही, पण मोह आहे. हॉप साखर देत नाही, ती माल्टमधून येते. मोहाच्या फुलात साखर आणि वास दोन्ही असतात. ताज्या फुलात २-ॲसिटाइल-१-पायरोलिन सापडतं; आंबेमोहोर तांदळाच्या वासातलाही हाच रेणू. फुलं वाळवायची, पाण्यात भिजवून आंबवायची, मग भट्टी लावायची. लग्नकार्यात, देवाच्या कामात ही दारू लागायची. ताडी तर झाडावरून उतरतानाच आंबू लागते.

मग हे घरगुती काम गुन्हा कधी झालं? हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर दारू गाळणं मक्तेदारांच्या हाती गेलं आणि ताडीच्या झाडामागे कर बसला. तरी मोह रानात फुलतच होता. म्हणून १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा आला. आता दारूच नव्हे, फुलं जवळ बाळगण्यावरही निर्बंध! सरकारला महसूल हवा होता, आणि घरच्या भट्टीवर कर बसवता येत नव्हता.

आता तुमच्या कामाचा मुद्दा. समजा, दफ्तरात १८९२ नंतर मोहाचे खटले जास्त दिसले. त्यावरून ‘आदिवासी जास्त पिऊ लागले’ असं लिहाल का? प्रयोगशाळेत उपकरण बदललं की आधीचे आणि नंतरचे आकडे सरळ जोडत नाही ना आपण? कायदा हेसुद्धा मोजायचं उपकरणच आहे. खटल्यातून आधी कळतो तो सरकारचा पहारा; लोकांचं पिणं नंतर, तेही अर्धवट. फुलं कोणी वाळवली, किती दिवस आंबवली, वास कसा होता, हे शिपायाने विचारलेलंच नसतं. ते तोंडी इतिहासातून शोधावं लागतं. डेव्हिड हार्डिमन यांनी दक्षिण गुजरातचा आणि इंद्रा मुन्शी सालढाणा यांनी ठाण्याचा दारूचा इतिहास लिहिला आहे. सुरुवात तिथून करा.

याचा अर्थ दारूने घरं बुडाली नाहीत, असा मुळीच नाही. पण तो वेगळा प्रश्न, त्याला वेगळे पुरावे लागतील.

अमेरिकेत घरी बिअर बनवायला संघीय कायद्याने सूट मिळाली १९७८ मध्ये, आपल्या अबकारी कायद्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी. महाराष्ट्रात मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि साठवण्यावरचे निर्बंध सैल झाले २०२१ मध्ये. फूल तेच होतं. म्हणून नोंदीत ‘बेकायदा’ दिसलं की पुढे लगेच लिहा : कोणत्या वर्षी, कोणत्या कायद्याने?