शब्दवेध : मस्टर

पडेगावातून दौलताबादकडे निघालं की वाटेवरच्या गावांतली जुनी माणसं १९७२चा दुष्काळ सांगताना एक शब्द हमखास वापरतात : मस्टर. ‘मस्टरवर नाव लागलं’ म्हणजे खडी फोडायचं काम मिळालं, संध्याकाळची भाकरी पक्की झाली.

या शब्दाचं मूळ लॅटिन ‘मॉन्स्त्रारे’, म्हणजे दाखवणे. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. सैनिकांना रांगेत उभं करून त्यांची मोजदाद करायची, ती ‘मस्टर’ आणि तिची यादी ‘मस्टर रोल’. इंग्रजी अमलात तो छावणीतून, सरकारी बांधकामांवरून आपल्याकडे आला आणि मराठीत यादीलाच मस्टर म्हणू लागले. मे १९७३मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांच्या अशाच मस्टरांवर जवळपास ५० लाख माणसं होती. पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७मध्ये झाला, २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. मस्टर तिथंही राहिलं.

या यादीतून पूर्वजांचा मागही लागू शकतो. इंग्लंडात लोक आपल्या गरीब पूर्वजांचा माग १८३४च्या गरिबांविषयीच्या कायद्यानंतरच्या वर्कहाउसांच्या, म्हणजे कामाच्या बदल्यात गरिबांना आसरा देणाऱ्या गृहांच्या, नोंदवह्यांतून काढतात. आपल्याकडे भूमिहीनाचं नाव सातबाऱ्यावर सापडत नाही. ते मस्टरवर असतं : नाव, कामाचे दिवस, मजुरी, अंगठा. कित्येक आज्यांच्या कष्टांची कागदावरची नोंद तेवढीच. म्हणून ही मस्टरं रद्दीत जाता कामा नयेत. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा : तुमचं नाव कुठल्या कामाच्या मस्टरवर होतं? गाव, काम, साल लिहून ठेवा; वंशावळ तिथूनही सुरू होते.