ओवीचा चौथा चरण

फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचें नांव आपल्या मंडळींस ठाऊक आहे. इंग्लंडांत १५४९ सालीं जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरु १५७९ सालीं गोव्यास आले, साष्टींत राहून तेथील लोकभाषा शिकले, आणि १६१६ सालीं त्यांचें ‘क्रिस्तपुराण’ राचोल येथें छापून निघालें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. पहिल्या भागांत जुन्या कराराची कथा, दुसऱ्यांत प्रभु येशूचें चरित्र. इतकें आम्हीं सेमिनरींत पाठ केलें होतें. ओव्या मात्र डोळ्यांनींच वाचल्या, आणि खरें सांगावयाचें तर त्या आम्हांस कंटाळवाण्या वाटल्या. दोष ग्रंथाचा नव्हता. कानाचें काम आम्हीं डोळ्यांस सांगितलें होतें.

आपला जिल्हा तर ओवीचें माहेर. शहराच्या दक्षिणेस सुमारें पन्नास किलोमीटरांवर पैठण. तेथल्या नाथमहाराजांनीं आपलें ओवीबद्ध भागवत १५७३ सालीं काशीस पुरें केलें, आणि १५९९ सालीं ते समाधिस्थ झाले. म्हणजे वीस वर्षें एकनाथ गोदातीरीं व स्टीफन्स साष्टींत एकाच काळीं नांदत होते. मार्ग निराळे, छंद एकच. ह्या छंदास गणमात्रांचें कडक बंधन नाहीं. पहिले तीन चरण यमकानें बांधलेले असतात. चौथा बहुधा आंखूड आणि यमकावांचून मोकळा. तीनदां तोच नाद ऐकून कान चौथ्यांदाहि त्याचीच वाट पाहूं लागतो, आणि तेथें शब्द एकाएकीं थांबतो.

आमच्या मातोश्री पहांटे जात्यावर बसत. जात्यावरची ओवी व ग्रंथांतली ओवी अगदीं एक नव्हे, हें आम्ही जाणतों. पण शेवटीं आवाज खालीं उतरे, हात मंदावे, आणि तेवढ्यांत नवी मूठ जात्यांत पडे, हें आम्हीं पाहिलें आहे. धान्य तसा अर्थहि त्या थांब्यांतच आंत पडतो.

स्टीफन्स ह्यांनीं मराठीची जी स्तुति गाइली आहे, तिच्या पहिल्याच ओवींत हें दिसतें. पहिले दोन चरण ‘जैसी’ म्हणून खड्यांची आणि रत्नांची उपमा देतात. तिसरा ‘तैसी’ म्हणून वळतो, परंतु नांव उच्चारीत नाहीं. चौथ्यांत केवळ दोन शब्द, आणि त्यांत आपली भाषा! पुढच्या ओवींत मोगरी आणि कस्तुरी ह्यांच्यानंतर तर चौथ्या चरणास एकच शब्द पुरला आहे. जिची स्तुति करावयाची, तिला कवीनें यमकाच्या ओळींत उभें केलेंच नाहीं. सारे अलंकार आधीं खर्चून तिला एकटी, बिनअलंकाराची पुढें आणली. ‘मराठी श्रेष्ठ आहे’ हें विधान कोणीहि करील. येथें तें श्रेष्ठत्व चरणाच्या ठेवणीनेंच सांगितलें आहे.

आतां ओवीच कां? ज्यांनीं नवा धर्म घेतला होता त्यांच्या हातून जुनीं पुस्तकें काढून घेतलीं गेलीं होतीं. ही गोष्ट झांकण्यांत अर्थ नाहीं. ग्रंथाच्या आरंभीं एक श्रोता त्यांच्या जागीं दुसरें पुराण मागतो. लॅटिन स्तोत्रांची चाल त्याचें समाधान करूं शकली नसती. म्हणून पुराण हें नांव, ओवी हा छंद, स्वर्गास वैकुंठ हा शब्द, आणि शुद्ध मराठी कळावयास जड जाईल म्हणून मधून मधून तिकडील ब्राह्मणांच्या बोलींतले सोपे शब्द.

पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें लोकभाषेविरुद्ध हुकूम काढला. ग्रंथ त्यापूर्वीं १६४९ व १६५४ सालीं पुन्हां छापला गेला होता, पण त्या तिन्ही आवृत्त्यांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. लोकांनीं हातानें उतरून घेतलेल्या पोथ्यांवरून जोसेफ साल्ढाणा ह्यांनीं १९०७ सालीं मंगळुरास तो रोमन लिपींत छापला. शांताराम बंडेलूंची देवनागरी आवृत्ति १९५६ ची.

गेल्या उपवासकाळांत आम्हीं प्रभूच्या दुःखसहनाचा भाग आपल्या धर्मग्रामांतील एका आजीबाईंकडून मोठ्यानें वाचवून घेतला. पहिल्या चारपांच ओव्यांत त्या अडखळल्या. मग त्यांचा उजवा हात आपोआप गुडघ्यावर गोल फिरूं लागला, आणि प्रत्येक चौथ्या चरणाशीं तो थांबे.