खय्याम, फिट्झजेराल्ड आणि माधव जूलियन

अर्ज, दफ्तर, हुकूम, जमाबंदी हे शब्द मराठीत इतके मुरले आहेत की ते फारसी कारभारातून आले याचे भानही राहत नाही. प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी याच शब्दांच्या सहवासात गेली. मात्र ज्या भाषेने आपणांस कारभार शिकविला, तिचे काव्य आपल्यापैकी बहुतेकांकडे आले ते इंग्रजीच्या वाटेने.

ही वाट प्रथम रुळविली सर विल्यम जोन्स यांनी. त्यांच्या १७७१ सालच्या फारसी व्याकरणात हाफिजच्या एका गझलेचे इंग्रजी पद्य रूपांतर आहे. मूळच्या दोन ओळींच्या एकेका शेराचे त्यांनी सहा ओळींचे कडवे केले. अनुवादकाने घ्यावयाच्या स्वातंत्र्याची ही जणू नांदीच होती.

खरी कीर्ती मिळाली ती मात्र एडवर्ड फिट्झजेराल्ड यास. त्यास फारसीची गोडी लावली त्याचा तरुण मित्र एडवर्ड कॉवेल याने. १८५६ साली कॉवेलला ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात उमर खय्यामच्या १५८ रुबायांचे हस्तलिखित आढळले. त्याच वर्षी तो प्राध्यापक म्हणून कलकत्त्यास आला आणि तेथील एशियाटिक सोसायटीच्या संग्रहातील दुसऱ्या हस्तलिखिताची नक्कल त्याने मित्रास धाडली. १८५९ साली ७५ रुबायांचे पुस्तक अनुवादकाच्या नावाविना निघाले. प्रती अवघ्या २५०, त्याही खपेनात. अखेर विक्रेत्याने त्या एका पेनीच्या पेटीत टाकल्या. १८६१ साली त्या रॉसेटी, स्विनबर्न यांच्या हाती लागल्या आणि पुस्तकाचे भाग्य पालटले.

आता प्रश्न असा की, हा अनुवाद म्हणावा काय? फारसी संग्रहांत रुबाया यमकाच्या अंत्याक्षरानुसार लावलेल्या असतात; प्रत्येक रुबाई स्वयंपूर्ण असते. फिट्झजेराल्डने त्यांतून पहाटेपासून चंद्रोदयापर्यंतचा एक दिवस गुंफला, कोठे दोन-तीन रुबायांची एक केली. फारसी कवींना आकार देण्यास थोडी कला हवीच, अशा अर्थाचे त्याने कॉवेलला लिहिले होते. या वाक्यात राज्यकर्त्या समाजाचा तोरा आहे, हे नाकारता येत नाही. तथापि त्याच्या हातून एक उत्तम इंग्रजी काव्य निर्माण झाले, हेही तितकेच खरे.

शिवाय मूळ तरी कोणते? खय्याम ११३१ मध्ये निवर्तला; बॉडलियनचे हस्तलिखित १४६०-६१ चे. मधल्या सव्वातीनशे वर्षांत त्याच्या नावावर किती परक्या रुबाया चढल्या असतील! १९६७ साली रॉबर्ट ग्रेव्हज आणि ओमर अली-शाह यांनी बाराव्या शतकातील हस्तलिखितावरून अस्सल अनुवाद केल्याचा दावा केला. ते हस्तलिखित कधीच पुढे आले नाही. उलट त्यांचा मजकूर हेरॉन-ॲलन याने फिट्झजेराल्डच्या आधारांचा शोध घेताना १८९९ साली छापलेल्या रुबायांशी जुळत असल्याचे अभ्यासकांनी दाखविले. निष्ठेचा डंका वाजविणाराच असा उघडा पडावा, हा दैवदुर्विलासच!

या पार्श्वभूमीवर बडोद्यात १८९४ साली जन्मलेले माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजेच माधव जूलियन, यांचे मोठेपण लक्षात येते. ते फारसीचे प्राध्यापक आणि फारसी-मराठी कोशाचे कर्ते. त्यांनी १९२९ साली मूळ फारसीवरून रुबाया मराठीत आणल्या आणि १९३१ साली ‘द्राक्षकन्या’मध्ये फिट्झजेराल्डचे काव्य निराळे दिले. खय्याम वेगळा आणि फिट्झजेराल्ड वेगळा, हा विवेक त्यांनी दोन स्वतंत्र पुस्तकांनी शिकविला.

आज तो विवेक पुन्हा हवा आहे. आपल्या कित्येक घराण्यांच्या रुमालांत फारसी सनदा असतील. त्या वाचणारी पिढी मात्र सरत आली आहे. काव्य दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचल्यास फार तर रसभंग होईल. आपला इतिहासही तसाच वाचावा लागला, तर हानी मोठी होईल. घरातील एखाद्या तरुणाने ही लिपी शिकावी, एवढीच अपेक्षा.