धुपाच्या यादीतला नखला



दशलक्षण पर्वात भाद्रपद शुद्ध दशमीला सुगंधदशमी येते. त्या दिवशी मंदिरात वाहायचा धूप घरी कुटलेलाच असावा, असा आमच्या सासूबाईंचा नियम आहे. द्रव्ये वैशाखाच्या उन्हात वाळवायची, निवडायची, कुटायची आणि कोरड्या बरणीत घट्ट बंद करून ठेवायची. पावसाळा लागल्यावर हे काम काढले तर दमट हवेत भुकटीत जीव पडतात.

यंदा वैशाखात घरात लग्न होते, त्यामुळे ते काम राहून गेले. शेवटी काष्ठौषधीच्या दुकानातून धुपाची तयार पुडी आणली. सासूबाई सूप घेऊन निवडायला बसल्या. वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी ओळखीचे होते. मधेच तपकिरी, पातळ, जरा वाकड्या चकत्या निघाल्या.

"हे कुठल्या झाडाचं गं?" त्यांनी विचारले.

मला सांगता येईना. दुकानात फोन केला. "ताई, तो नखला. वास धरून ठेवतो. झाडाचा नाही, समुद्रातला असतो."

सासूबाईंनी सूप खाली ठेवले.

नखला म्हणजे समुद्री गोगलगायीच्या शंखाचे झाकण. तो जीव आत शिरला की या झाकणाने शंखाचे तोंड बंद करून घेतो. ते मिळवण्यासाठी बहुधा त्याचा जीव घेतला जातो. आणि ते आम्ही भगवंतापुढे जाळणार होतो!

रात्री मी माझ्या आज्जीची वही काढली. तिच्यात उटण्याची, शिकेकाईची, धुपाची अशा याद्या आहेत. धुपाच्या यादीत नागकेशराखाली 'नखला' लिहिलेला होता आणि त्यावर एक आडवी रेघ मारलेली होती. कारण काही लिहिलेले नव्हते. म्हणजे एके काळी तो आमच्याही घरात होता आणि कुणीतरी तो काढला. तेव्हापासून मी या सुगंधाच्या इतिहासामागे लागले. जे समजले ते तुम्हाला सांगते.

आपला आणि सुगंधाचा संबंध फार जुना आहे. आपल्या समाजातले गांधी आडनाव घ्या. गंधाची द्रव्ये, मसाले आणि औषधे विकणारा तो गंधिक, त्याचाच पुढे गांधी झाला. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या बौद्ध लेण्यात धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या गंधिकाने दाराचे दान दिल्याचा लेख आहे. मथुरेच्या कंकाली टेकडीवर कुषाणकाळातल्या जैन मूर्ती सापडल्या. त्यांतल्या एका लेखात दान देणारी बाई एका गंधिकाची आई आहे. सुगंध विकून चालणाऱ्या घरातल्या बाईने जिनमूर्ती घडवली, हे वाचून मला फार बरे वाटले.

हे गंधिक विकत काय होते? सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीवर एक पूर्ण अध्याय आहे. त्यात त्याने सोळा द्रव्ये सांगितली आहेत. नागरमोथा, वाळा, दगडफूल, नागकेशर, तगर, अगरू, दवणा, धने, चंदन अशी ती यादी. वाचताना मला हसू आले, कारण यातली निम्मी द्रव्ये माझ्या मसाल्याच्या डब्यात आहेत. स्वयंपाकघर आणि देवघर यांचा सुगंध मुळात एकाच दुकानातून येत होता. पण त्याच यादीत नख आहे आणि व्याघ्रनखही आहे.

पुढे बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने मानसोल्लास लिहिला. त्यात राजाच्या स्नानाची, उटीची, धुपाची वर्णने आहेत आणि उटीत कस्तुरी आहे. कस्तुरी म्हणजे नर कस्तुरीमृगाच्या पोटाजवळची ग्रंथी. ती मिळवण्यासाठी हरणे मारली जात. आपल्या देशात आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या हरणाला संरक्षण आहे.

मराठीतही हे शास्त्र होते बरं का. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी एका जुन्या पोथीचा अभ्यास केला. तिच्यात गंगाधराचा गंधसार आणि गंधवाद असे दोन ग्रंथ होते. गंधवादावरची टीका मराठी आहे! बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९८९ मध्ये हे ग्रंथ छापले. म्हणजे आपल्या भाषेत कुणीतरी बसून सुगंधाच्या कृती समजावून सांगत होते.

नखला एवढा हवासा का होता? नुसता जाळला तर त्याला जळक्या नखाचाच वास येतो. पण शुद्ध करून, भाजून इतर द्रव्यांत मिसळला की तो त्यांचा वास धरून ठेवतो. म्हणून गंधशास्त्रात नख शुद्ध करण्याच्या वेगळ्या कृती असतात. अरबांच्या धुपातही तो पडतो. म्हणजे दुकानदार खोटे बोलला नव्हता. तो परंपरेनेच चालला होता.

आणि इथेच मी अडले. परंपरा म्हणून जे चालत आले, ते सगळे आपले मानायचे का?

उत्तरही परंपरेतच सापडले. सोमेश्वराच्याच शतकात गुजरातमध्ये आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्र लिहिले. श्रावकाने टाळायचे पंधरा व्यवसाय त्यात सांगितले आहेत. दंतवाणिज्य हा त्यातला एक, म्हणजे प्राण्यांचे दात, केस, नखे, हाडे, कातडी यांचा व्यापार. लाखेचा व्यापारही त्यात आहे. एकीकडे राजाच्या उटीत कस्तुरी घोटली जात होती आणि दुसरीकडे श्रावकाला सांगितले जात होते की हा माल हाताळू नकोस. दोन्ही गोष्टी एकाच काळातल्या. आज्जीच्या वहीतली रेघ ही दुसऱ्या परंपरेतली आहे.

आता सुगंधदशमीची कथा आठवा. आपल्यापैकी बहुतेकींनी ती मंदिरात ऐकली आहे. डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केलेली सुगंधदशमी कथा भारतीय ज्ञानपीठाने १९६६ मध्ये छापली. त्यात अपभ्रंश, संस्कृत, गुजराती, हिंदी आणि मराठी अशा पाच भाषांतल्या कथा एकत्र आहेत. मराठी कथा जिनसागरांची. राणी श्रीमतीने रागाच्या भरात मुनींना कडू भोपळ्याचा आहार दिला. मुनींना फार पीडा झाली. त्या पापाने ती हलक्या योनींत भटकली, मग दुर्गंधा म्हणून जन्मली. तिच्या जवळ कुणी उभे राहत नसे. पुढे मुनींकडून तिला व्रत समजले, तिने ते पाळले आणि पुढच्या जन्मी ती सुगंधी देहाची तिलकमती झाली.

आजवर मी ही कथा व्रताच्या फळाची म्हणून ऐकत होते. या वर्षी मला तिची सुरुवात जास्त लागली. दुर्गंध आला कुठून? दानातून. हातात आहाराचे पात्र होते, समोर मुनी होते, सगळा विधी योग्य होता. पण जे दिले त्यात पीडा होती. श्रीमतीला ते ठाऊक होते, आम्हाला नखला ठाऊक नव्हता, एवढाच फरक. आता ठाऊक झाल्यावर तोही फरक उरला नसता.

मग नखला काढला तर धूप कमी पडतो का? वराहमिहिराने सोळा द्रव्यांतून चार-चार निवडून किती चौकड्या होतात ते मोजले आहे: १,८२०. प्रत्येकीत प्रमाण बदलत जाऊन तो १,७४,७२० सुगंधांपर्यंत पोचतो. माझ्या लेकीला मी म्हटले, दोन्ही नखे वजा कर आणि चौदाच्या चौकड्या काढ. तिने वहीत हिशोब केला: १,००१. दर सुगंधदशमीला एक नवी चौकडी कुटली तरी हजार वर्षे पुरेल!

आम्ही या वेळी केलेला धूप असा: चंदन, वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, थोडी लवंग आणि बकुळीची सुकी फुले. बकुळ मुद्दाम घातली. तिची फुले आपोआप गळतात, तोडावी लागत नाहीत आणि वाळल्यावरही त्यांचा वास जात नाही. सकाळी झाडाखालची वेचायची, एकेक झटकून बघायची, मग सावलीत वाळवायची. वाळा आणि नागरमोथा जमिनीखालचे आहेत, पण आपण घेतो ते वाळलेले, सुंठ-हळकुंडासारखे.

जुन्या कृतींत धुपाच्या वड्या मधात बांधायला सांगतात. मध आपल्याला वर्ज्य. गुळात बांधल्या तर मुंग्या येतात आणि त्या निखाऱ्यावर जायची भीती. म्हणून आम्ही भुकटी कोरडीच ठेवतो. यंदा उशीर झाला म्हणून आठवड्यापुरतीच कुटली आणि वाहण्याआधी पुन्हा चाळून पाहिली. उरलेली द्रव्ये मलमलच्या पुरचुंडीत बांधून साड्यांच्या कपाटात ठेवली.

ती दुकानातली पुडी मंदिरात गेली नाही. परत द्यावी तर दुसऱ्या कुणाच्या धुपात गेली असती, म्हणून सासूबाईंनी ती बकुळीखाली पुरली आणि तिथेच उभे राहून णमोकार म्हटला.

मी आज्जीच्या वहीत त्या रेघेशेजारी बारीक अक्षरात कारण लिहून ठेवले आहे, म्हणजे माझ्या लेकीला शोधावे लागणार नाही. तुमच्या घरच्या उटण्याची आणि धुपाची यादीही एकदा काढून बघा. नखला दिसला, तर तुम्हीही रेघ मारा, आणि शेजारी कारण लिहा.

जय जिनेंद्र!